धूर म्हणजे न जळलेलं चिपाड: गुऱ्हाळाच्या चुलवाणात नेमकं काय जळतं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं गुऱ्हाळ, हजार लिटर रसाची काहील (रस आटवायची मोठी कढई), तिच्याखालच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी, आठ मीटरचं धुराडं. सकाळचं पहिलं आदण (एका वेळी काहीलीत आटवायला घेतलेला रस) अडीच तासांत उतरतं, दुपारनंतरच्या आदणाला साडेतीन तास लागतात. धूर दिवसभर, कधी काळा तर कधी पांढरा. चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, पुरत नाही म्हणून लाकूड आणि जुने टायर विकत घ्यावे लागतात. कुणी ब्लोअर लावायला सांगतं, कुणी धुराडं पाच फूट वाढवायला. काय करावं? आणि मुळात सुकं चिपाड भडकतं, ओलं नुसतं धुमसतं, हे कशामुळे?

ब्लोअर आणि धुराडं दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाहू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

एक सुकं चिपाड पेटवून आडवं धरा आणि नीट बघा. जाळ चिपाडाला चिकटलेला नसतो, मध्ये एक बारीक अंधारी फट दिसते. त्या फटीत चिपाडातून निघालेला वायू असतो, आणि जळतो तो हा वायू. घन पदार्थ सहसा जाळ धरून जळत नाही. तापला की तो फुटतो, त्यातून वायू सुटतात, ते हवेत मिसळतात आणि मिसळण झाली तिथे जाळ दिसतो. मेणबत्तीत मेण वितळून, त्याची वाफ होऊन वातीभोवती जळते. पेट्रोलच्या डब्यातही पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते.

चिपाडाच्या बाबतीत हे टप्प्याटप्प्याने होतं. शंभर अंशांपर्यंत पाणी निघून जातं, आणि ते निघेपर्यंत चिपाडाचं तापमान फारसं वर चढत नाही. दोनशेच्या पुढे त्यातले हलके तंतुघटक फुटू लागतात, तीनशे ते चारशेच्या दरम्यान सेल्युलोज झपाट्याने फुटतं आणि लिग्निन त्याहून सावकाश, पाचशेपर्यंत रेंगाळत. सुक्या चिपाडाच्या वजनातला जवळजवळ ८० टक्के भाग असा वायू आणि डांबरी वाफ होऊन वर जातो. खाली उरतो तो १५ टक्क्यांच्या आसपास कोळसा आणि बाकी राख. हा कोळसा मात्र खरंच घनरूपात जळतो. त्याला लांब जाळ नसतो, तो लालबुंद होऊन धगधगतो, कारण तिथे हवेला कोळशाच्या पृष्ठभागापर्यंत स्वतः जावं लागतं.

म्हणजे एकाच चुलवाणात दोन निरनिराळ्या आगी असतात. जाळीवर कोळशाची आग, तिला हवा खालून लागते. वर वायूची आग, तिला हवा वरून, जाळाच्या अंगाने लागते. बहुतेक चुलवाणांत पहिल्या हवेची सोय असते आणि दुसरीची नसते. आणि ८० टक्के जळण तर वरच्या आगीत आहे!

आता हिशेब. कार्बन जळतो तेव्हा १२ किलो कार्बन ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली तर तोच १२ किलो कार्बन १६ किलो ऑक्सिजनवर भागवतो आणि २८ किलो कार्बन मोनॉक्साइड होतो. पहिल्या प्रकारात एक किलो कार्बनमागे सुमारे ७,८०० किलोकॅलरी मिळतात, दुसऱ्यात फक्त २,२००. ऑक्सिजन निम्मा मिळाला म्हणून उष्णता निम्मी मिळत नाही, ती तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जाते. उरलेली उष्णता त्या मोनॉक्साइडमध्ये बंद होऊन धुराड्यातून निघून जाते. हा वायू डोळ्यांना दिसतही नाही. धूर नाही म्हणजे सगळं जळलं असं म्हणता येत नाही. पण धूर आहे म्हणजे जळलं नाही, हे नक्की. धूर हा आगीचा कचरा नाही. तो तुम्ही वाळवलेलं, उचलून आणलेलं आणि जाळायचं राहून गेलेलं चिपाड आहे.

सुक्या चिपाडात वजनाने साधारण ४७ टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि ४४ टक्के ऑक्सिजन असतो. त्याचा स्वतःचा ऑक्सिजन वजा केला तर एक किलो पूर्ण सुक्या चिपाडाला सुमारे ५.६ किलो हवा लागते. वायू आणि हवा यांची मिसळण कधीच पूर्ण होत नाही, म्हणून सैल जळणाला दीडपट हवा द्यावी लागते. तुमच्या आदणाला ३५० किलो वाळलेलं चिपाड अडीच तासांत जळतं असं धरलं, म्हणजे तासाला १४० किलो, तर हवा तासाला हजार किलोच्या आसपास लागेल. आपला मुलूख उंचावर आहे, बेळगाव शहर तर साडेसातशे मीटरवर. इथली हवा कारवार किंवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. दुपारच्या उन्हात एका घनमीटरमध्ये जेमतेम १.०७ किलो भरते. तेव्हा तासाला साधारण ९५० घनमीटर. ब्लोअर विकणारा तक्ता दाखवतो तो बहुधा समुद्रसपाटीचा असतो, हे जाता जाता.

एवढी हवा सेकंदाला दीड मीटर वेगाने आत यायची तर वाट किती हवी? सगळी मिळून दोन चौरस फूट. एक फूट जाळीखालून, एक फूट वरून. चुलवाणाचं तोंड फूटभर लांबरुंद असतं, म्हणजे वरची हवा यायची वाट तुमच्याकडे आहेच. फक्त ती चिपाडाने कोंबलेली असते.

ओल्या चिपाडाबद्दल एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, पाणी उडवण्यात सगळी उष्णता जाते. तेवढी जात नाही. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६२० किलोकॅलरी लागतात आणि एक किलो निव्वळ सुकं चिपाड ४,२०० देतं. घाण्यातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी धरा, म्हणजे एक किलो सुक्या भागामागे एक किलो पाणी. तोटा १५ टक्क्यांचा. तो सोसण्यासारखा असता. खरं नुकसान पुढे आहे. त्या वाफेमुळे चुलवाणातलं तापमान खाली येतं, आणि चिपाडातून सुटलेले वायू, विशेषतः मोनॉक्साइड आणि डांबरी वाफ, साधारण सातशे अंशांच्या खाली नीट पेटत नाहीत. ते सुटतात, पण जळत नाहीत. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर तो हाच: पाण्याच्या वाफेत डांबराचे बारीक थेंब. ओलं चिपाड १५ टक्के पाण्यात घालवतं आणि त्याहून किती तरी जास्त न पेटलेल्या वायूत. धुमसणं म्हणतात ते हेच, चिपाड फुटण्याइतकं तापतं पण सुटलेला वायू पेटण्याइतकं तापत नाही.

काळा धूर वेगळा. तिथे तापमान असतं, हवा नसते. तापलेल्या वायूला ऑक्सिजन मिळाला नाही की त्यातला हायड्रोजन आधी निघून जातो आणि कार्बनचे कण सुटे पडतात. हेच कण जाळात तापून पिवळे चमकतात. म्हणून पिवळा जाळ पाहून घाबरू नका. गॅसच्या शेगडीसारखी निळी ज्योत चुलवाणात आणायची नाही. पिवळ्या जाळातले कण काहीलीकडे उष्णता फेकतात, निळी ज्योत त्या मानाने किरणं कमी टाकते. अट एवढीच की जाळाच्या टोकाला पोचेपर्यंत ते कण जळून संपले पाहिजेत.

ते का संपत नाहीत? काहीलीमुळे. आत रस उकळतोय, म्हणजे तळ शंभर-सव्वाशे अंशांवर, भट्टीच्या मानाने थंडगार. जाळाचं टोक त्याला टेकलं की तिथल्या तिथे विझतं आणि कण तळाला चिकटतात. तुपाच्या दिव्यावर ताट उपडं धरून काजळ पाडतात तोच प्रकार, फक्त ताट सहा-सात फुटांचं. काजळीचा थर पत्र्याच्या मानाने उष्णता अगदीच कमी जाऊ देतो. म्हणून जाळी आणि काहीलीचा तळ यांच्यात निदान अडीच फूट मोकळी जागा असावी, वायूला मिसळायला आणि जळून जायला तेवढा वेळ मिळतो. काही ठिकाणी जाळ ‘जवळ लागावा’ म्हणून जाळी उचलून वर घेतात. त्यात काजळीच वाढते.

आता दुपारचं आदण. काहील तीच, माणसं तीच, मग तास जास्त का? चार कारणं संभवतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र असतात.

पहिलं, राख. ३५० किलो चिपाडाची तीन टक्के धरली तरी एका आदणाला दहा किलो राख, त्यात जाळीतून गळलेला कोळसा. ही राख हलकी आणि फुगीर असते, तीन आदणांत जाळीखालचा खड्डा भरत येतो आणि खालची हवा आखडते. दुसरं, खंगर, म्हणजे वितळून घट्ट बसलेली राख. चिपाडाच्या राखेत वाळू आणि सिलिका असते, उसाच्या वाळलेल्या पाल्यात, म्हणजे पाचटात, पोटॅशियम चिपाडापेक्षा जास्त. उसाचा रस काढताना चिपाडातलं बरंचसं पोटॅशियम रसाबरोबर निघून जातं, पाचटातलं जात नाही. सिलिका आणि पोटॅशियम एकत्र तापले की नऊशे अंशांच्या आसपास मऊ होऊन जाळीच्या फटींवर काचेसारखे बसतात. पाचट जास्त घातलं त्या दिवशी खंगर जास्त, हा अनुभव तुम्हालाही असेल. तिसरं, काहीलीखालची काजळी. चौथं, चिपाड. सकाळी जळतं ते गंजीतलं (रचून ठेवलेल्या ढिगातलं) नीट वाळलेलं. दुपारी गंज संपत आली की कालचं, अर्धवट वाळलेलं चिपाड आत जाऊ लागतं. गडी ‘तेच चिपाड’ म्हणतात, पण ते तेच नसतं.

यातलं कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका. एका दिवशी एकच गोष्ट बदला. पहिल्या दिवशी फक्त जेवणाच्या सुट्टीत राखेचा खड्डा पूर्ण रिकामा करा आणि सळईने जाळीच्या फटी मोकळ्या करा. दुपारच्या आदणाचा वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी राखेला हात न लावता, दुपारसाठी सकाळचंच वाळलेलं चिपाड बाजूला राखून ठेवा. पुन्हा वेळ लिहा. तिसऱ्या दिवशी सकाळी काहील चढवण्याआधी तळ खरवडून घ्या. तीन दिवसांत दोषी कोण ते कळतं.

चिपाड वाळलंय की नाही हे हाताला कळतं: वाळलेलं कडकन मोडतं, ओलं वाकून तंतूवर लोंबतं. आकडा हवा असेल तर एक किलो मोजून कागदावर पसरा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पुन्हा मोजा. ९०० ग्रॅमच्या वर भरलं तर ते आधीच वाळलेलं होतं. ६०० भरलं तर तुम्ही पाणी जाळत होता. डिसेंबर-जानेवारीत दव पडतं, तेव्हा वाळलेल्या गंजीवर ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू मोकळ्या ठेवा. गच्च गुंडाळलेली गंज आतून घामेजते.

धूर वाचायला शिकलं तर अर्धं काम होतं. चिपाड आत टाकल्यावर धूर येतो आणि अर्ध्या मिनिटाने निवळतो, पुन्हा टाकल्यावर पुन्हा येतो, तर दोष टाकण्याच्या पद्धतीत आहे. सतत काळा असेल तर वरची हवा कमी. सतत पांढरा आणि जड असेल तर चिपाड ओलं. धूर नाही, पण जाळ मलूल आणि धुराड्याच्या तळाशी राखेचे पांढरे कपटे उडताहेत, तर हवा गरजेपेक्षा जास्त.

टाकण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त सुधारणा इथे आहे. तासाला १४० किलो म्हणजे मिनिटाला सव्वादोन-अडीच किलो. हे दर १५-२० सेकंदांना पाऊण किलो, सैल आणि विखरून गेलं पाहिजे. प्रत्यक्षात गडी कवेभर चिपाड दोन-तीन मिनिटांतून एकदा कोंबतो आणि बाजूला बसतो. पाच-सहा किलो चिपाड तापलेल्या चुलवाणात पडलं की त्यातला बहुतेक वायू पहिल्या मिनिटात सुटतो. त्या मिनिटाला हवेची गरज दुप्पट-तिप्पट असते आणि नेमकं त्याच वेळी तोंड चिपाडाने बंद. मग धूर. पुढची दोन मिनिटं वायू नाही, तोंड उघडं, थंड हवा आत, काहील गार. दिवसभर हेच आलटून-पालटून. सरासरी हवा बरोबर असूनही एकाही क्षणी ती बरोबर नसते. आपल्याकडे बरेच गडी घरी कन्नड बोलणारे असतात, त्यांना सांगायचं सूत्र सोपं: ‘होगे’ (धूर) दिसला की ‘बेंकी’ (आग) उपाशी आहे, वर आणखी चिपाड लादू नको. तोंडाचा वरचा अर्धा भाग कायम मोकळा दिसला पाहिजे, तीच वरच्या आगीची खिडकी.

याशिवाय तोंडाच्या समोरच्या भिंतीत, जाळीपासून फूटभर उंचीवर, दोन इंची लोखंडी पाइपाचे सात-आठ तुकडे किंचित तिरपे बसवा. त्यांतून येणारी हवा एकूण हवेत फार भर घालत नाही, पण जाळाला आडवी जाऊन त्याला घुसळते. हवा आत असणं आणि हवा वायूत मिसळणं, यात फरक आहे. जाळी नवी करायची वेळ आलीच तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) बिडाच्या पट्ट्या ओतून मिळतात. फटी १० ते १२ मिलिमीटर ठेवा. त्याहून मोठ्या ठेवल्या तर कोळसा न जळता खाली गळतो. राख पाण्याच्या बादलीत टाकून पाहा: काळे तुकडे भराभर तरंगले तर तुम्ही कोळसा टाकून देताय.

आता धुराडं. ते धूर ओढतं म्हणजे काय करतं? आतला तापलेला वायू हलका, बाहेरची हवा जड, त्या फरकाने ओढ तयार होते. आठ मीटर उंची आणि आत ३०० अंश धरले तर ही ओढ पाण्याच्या स्तंभात मोजून जेमतेम चार मिलिमीटर भरते. एवढ्याशा ओढीवर सगळी भट्टी चालते, म्हणून राखेने किंवा खंगराने थोडी वाट आडवली तरी लगेच जाणवतं. पाच फूट उंची वाढवली तर ओढ १९ टक्क्यांनी वाढते, पण हवा त्या ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे नऊ टक्के. विटा, मजुरी, परांची एवढं करून नऊ टक्के. त्याआधी उदबत्ती घेऊन काहीलीच्या कडेने आणि धुराड्याकडे जाणाऱ्या बोगद्याच्या भेगांवरून फिरवा. जिथे उदबत्तीचा धूर आत ओढला जातो तिथून थंड हवा चोरवाटेने जातेय. ती जाळाला मिळत नाही, उलट धुराडं गार करते आणि ओढ कमी करते. माती-शेणाचा गिलावा पुरतो, मात्र तो दर आठवड्याला बघावा लागतो.

ब्लोअर वाईट नाही. पण वरची वाट कोंबलेली असताना जाळीखालून ब्लोअर लावला की कोळसा भराभर जळतो, चिपाड आणखी वेगाने फुटतं, वायू आणखी सुटतो आणि तो जाळायला वर हवा तेवढीच. धूर वाढतो, ठिणग्या धुराड्यातून उडतात, जाळ लांबत जाऊन काहीलीऐवजी बोगद्यात जळतो. वर सांगितलेलं सगळं करून झाल्यावरही आदण पावणेतीन तासांच्या खाली येत नसेल तर लहान ब्लोअर घ्या, झडपेसह, आणि त्याची निम्मी हवा वरच्या पाइपांत वळवा.

चिपाड पुरायला हवं की नको? हिशेब करू. हजार लिटर रसातून सुमारे आठशे किलो पाणी उडवायचं. रस तापवायला आणि पाण्याची वाफ करायला मिळून जवळपास पाच लाख किलोकॅलरी. वाळलेलं, १२ टक्के ओल असलेलं चिपाड किलोला ३,६०० देतं. म्हणजे एक कणही वाया गेला नसता तर १४० किलोत आदण उतरलं असतं. घाणा ६० टक्के रस काढत असेल तर हजार किलो रसामागे १,६७० किलो ऊस, आणि त्याचं वाळलेलं चिपाड सुमारे ३५० किलो. तेव्हा भट्टीने ४० टक्के उष्णता रसापर्यंत पोचवली की बाहेरचं जळण लागायलाच नको. तुम्हाला लागतंय, म्हणजे चुलवाण त्याच्या खाली चालतंय.

उरलेल्या साठ टक्क्यांतलं सर्वांत मोठं गळतं ठिकाण धुराडंच. हजार-अकराशे किलो वायू दर तासाला ५०० अंशांवर बाहेर पडत असेल तर एकट्या त्यातून २८ टक्क्यांच्या आसपास उष्णता जाते. तोच २५० वर आणला तर १३ टक्के. त्यासाठी बोगद्यावर दुसरी लहान काहील बसवून त्यात पुढच्या आदणाचा रस तापवून घेतात. फक्त दोनशेच्या खूप खाली उतरू नका, धुराड्याची ओढच जाईल आणि डांबर भिंतींना बसेल. धुराड्याच्या तळाशी एक साधा थर्मोकपल (तापमान मोजणारं साधन) लावून ठेवला तर हे सगळं रोज दिसतं. फार मोठा खर्च नाही.

टायर बंद करा. हे नुसतं प्रदूषणाच्या नियमासाठी सांगत नाही. एक किलो रबराला तेरा-चौदा किलो हवा लागते, चिपाडाच्या दुपटीहून जास्त. चिपाडाला हवा पुरत नसलेल्या चुलवाणात ते कधीच पूर्ण जळणार नाही. त्यातला गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन गड्याच्या छातीत जातो, काजळी काहीलीला बसते, आणि त्या काजळीमुळे पुढच्या आदणाला आणखी जळण लागतं. टायरचं आदण लवकर उतरल्यासारखं वाटतं, पण फरक दुसऱ्या दिवसाच्या वेळेत लिहिलेला असतो.

तीन धोके, ज्यांचं कारण याच रसायनात आहे.

जाळ मध्येच विझला, चुलवाण तापलेलं आहे आणि आत चिपाड धुमसतंय, अशा वेळी आत पेटणारा वायू साठत असतो. त्यावर पेटता बोळा टाकला की ‘भप्प’ होऊन जाळ तोंडातून बाहेर येतो आणि समोर बसलेल्याचे हात-तोंड भाजतात. आधी तोंड, राखेची वाट आणि धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवून पाच मिनिटं थांबा, मग बाजूला उभं राहून लांब काठीने पेटवा. पेटवायला पेट्रोल कधीच नको. त्याची वाफ शून्याखाली ४० अंशांवरसुद्धा पेटण्याइतकी सुटते, हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते, आणि हवेत फक्त दीड टक्का झाली तरी पेटते. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी त्या मानाने बरी, पण थंड चुलवाणातच.

गडी बसतो तो खड्डा. तिथे डोकं दुखणं, मळमळणं, दुपारी गुंगी येणं याला लोक उन्हाचं नाव देतात. बऱ्याचदा तो मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं. धुराड्याची ओढ कमी असेल तर वायू तोंडातून मागे येतो. असं झालं तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या, भट्टीचं नंतर. थंडीत गुऱ्हाळघराची दारं लावून निखाऱ्याची घमेली शेजारी घेऊन झोपणं तर उघड जीवघेणं आहे. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. कोळशाच्या जाड थरात खाली तयार झालेला डायऑक्साइड वरच्या लाल कोळशातून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. बेळगावच्या फाउंड्रीतल्या क्युपोलात, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीत, कोकच्या थरावर हेच घडतं आणि वर निळसर ज्योत दिसते. तिथे तो वायू निदान वर जळतो, खोलीत नाही.

आणि गंज. ओलं चिपाड उंच रचलं की आधी जंतू आंबवतात आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवतात. पुढे जंतू मरतात, पण तोवर हवेशी होणारी सावकाश क्रिया स्वतःच उष्णता देऊ लागते. चिपाड उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि गंज आतून पेटते. आंबूस-जळका वास, पहाटे गंजीतून निघणारी वाफ, वरचा भाग खचणं, ही लक्षणं. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर गंज मोडायची, पण पाण्याची नळी चालू ठेवून आणि एका बाजूने थोडी थोडी. आत तापमान आहे, पेटणारा वायू आहे, फक्त हवा नाही. घाईने मधोमध उकरलं तर ती हवा आपणच देतो.